यकृत, कावीळ आणि कडू वनस्पती : प्रस्तावना

कावीळ झाली की महाराष्ट्रात रोगी अजूनही दोन दारं गाठतो. एक रक्त तपासणाऱ्या डॉक्टरचं आणि दुसरं कावीळ 'उतरवणाऱ्या'चं. हा उतरवणारा ओल्या देठांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून केलेली माळ डोक्यावर ठेवतो. दिवस जातात तशी ती लांबत कपाळावरून गळ्यात आणि गळ्यातून छातीवर येते. माळ वाढली म्हणजे कावीळ तिच्यात उतरली, असं घरचे समजतात. खरं तर देठ वाळून आकसतात आणि दोऱ्याच्या गाठी सैल होतात. निरोगी माणसाच्या गळ्यात घातली तरी ती तेवढीच लांबते. हात चुन्याच्या निवळीत धुतल्यावर पाणी पिवळं होतं, तेही आंब्याच्या सालीचा रस हातांना आधीच लावलेला असतो म्हणून.

हे प्रयोग शतकानुशतकं टिकले, कारण माळ घातलेले बहुतेक रोगी खरोखरच बरे होतात. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए आणि ई यांची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या काळात माळ घातली, पाला खाल्ला, कुटकी घेतली किंवा नुसता आराम केला, तरी बरं होण्याचं श्रेय जे जवळ असेल त्याला मिळतं. या ग्रंथातल्या प्रत्येक वनस्पतीकडे पाहताना वाचकाने ही एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. शरीरातल्या अवयवांमध्ये स्वतःला दुरुस्त करण्याची सर्वांत मोठी ताकद यकृतात आहे. म्हणूनच यकृताच्या औषधाची परीक्षा सर्वांत अवघड असते.

प्रौढ माणसाचं यकृत साधारण सव्वा ते दीड किलोचं असतं. आतड्यांतून शोषलेलं बहुतेक अन्न आणि औषध आधी या दारातून जातं. पित्त तयार करणं, साखर साठवणं, रक्त गोठवणारी प्रथिनं बनवणं आणि विषारी द्रव्यांना पाण्यात विरघळतील असं रूप देऊन बाहेर घालवणं ही त्याची कामं. यातलं शेवटचं काम दुधारी आहे. पॅरासिटॅमॉलची नेहमीची मात्रा यकृत सहज पचवतं. मात्रा फार झाली की त्याच प्रक्रियेतून एक घातक पदार्थ तयार होतो, यकृताजवळचा ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि पेशी मरू लागतात. बाहेरून आलेला पदार्थ कधी कधी यकृतात शिरल्यावरच विष बनतो, हे ध्यानात घेतलं तर वनस्पतींनी केलेलं रक्षण आणि त्यांच्यामुळे झालेली इजा, दोन्ही समजायला सोपं जातं.

आपल्याकडे या विषयाची जुनी मांडणी चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, पांडुरोगाच्या अध्यायात सापडते. पांडुरोग्याने पित्त वाढवणारा आहार चालू ठेवला तर त्याला कामला होते, असं तिथे म्हटलं आहे. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे कामलेचे दोन प्रकार. एकात पित्त कोठ्यात आणि सर्व शरीरात वाढलेलं असतं. दुसऱ्यात कफाने वाट अडवल्यामुळे पित्त कोठ्यात येतच नाही आणि मल वाटलेल्या तिळासारखा पांढुरका होतो. पित्ताचा मार्ग अडल्यावर मलाचा रंग जातो, ही आजच्या वैद्यकातलीही पहिली खूण आहे. या दुसऱ्या प्रकारात चरक तिखट, आंबट, उष्ण द्रव्यं देतो आणि मलाला पुन्हा रंग येईपर्यंत ती चालू ठेवायला सांगतो. म्हणजे एरवी पित्त वाढवणारी म्हणून टाळायची तीच द्रव्यं इथे औषध होतात. रोगाचा प्रकार ओळखायचा, त्यानुसार उपचार उलटायचा आणि तो लागू पडतो की नाही हे डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणेवरून ठरवायचं, एवढी शिस्त त्यात आहे. आज 'लिव्हर टॉनिक' म्हणून सरसकट सगळ्यांना एकच बाटली दिली जाते, तेव्हा आपण त्या शिस्तीच्याही मागे गेलेलो असतो.

पहिल्या प्रकारच्या कामलेसाठी सांगितलेली द्रव्यं मराठी वाचकाच्या ओळखीची आहेत. त्रिफळा, गुळवेल, दारुहळद किंवा कडुनिंब यांपैकी एकाचा रस सकाळी मधातून घ्यायचा. पुढे रसशास्त्राच्या काळात यात धातू आले. 'रसरत्नसमुच्चया'त आलेली आरोग्यवर्धिनी आजही वैद्यांच्या हाताशी असते. तिच्यात निम्मा भाग कुटकीचा, आणि उरलेल्यात पारा, गंधक, लोह, अभ्रक आणि ताम्र यांच्यासह त्रिफळा, शिलाजित, गुग्गुळ आणि चित्रक. तिला कडुनिंबाच्या पानांच्या रसाची भावना देतात. आसव-अरिष्टांमध्ये कोरफडीचं कुमारीआसव आणि यकृत-प्लीहेसाठी रोहितकारिष्ट घराघरांत पोचलं.

युनानी हकिमांनी यकृताला 'जिगर' म्हणत कासनी आणि मकोय, म्हणजे आपली कामोणी, यांच्या अर्कांवर भर दिला. तमिळ सिद्ध परंपरेत भुईआवळ्याला कीळानेल्ली म्हणतात. पिवळ्या कामलेवर तिचा वाटलेला गोळा ताकातून किंवा दुधातून देतात. चीन आणि जपानमध्ये शिझँड्राची फळं आणि जेष्ठमध यांच्यावर संशोधन झालं. जेष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनचं इंजेक्शन जपानी डॉक्टर अनेक दशकं जुनाट हिपॅटायटिससाठी वापरत आले. युरोपात काटेरी, जांभळ्या फुलांच्या मिल्क थिसलच्या बिया हेच काम करत होत्या.

मराठीतही ही नोंद झालेली आहे आणि ती पुरेशी वाचली जात नाही. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'वनौषधी गुणादर्श' आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'ओषधीसंग्रह' ही पुस्तकं उघडली तर कुटकी, भुईआवळा, माका, घेटुळी म्हणजे पुनर्नवा, उन्हाळी म्हणजे शरपुंखा आणि कोकणातलं ओलं किराईत या सगळ्यांची ओळख लेखकांनी स्वच्छ मराठीत करून दिलेली दिसते. देसाई आधुनिक वैद्यकाच्या भाषेत बोलतात, पदे वैद्याच्या. दोघांच्या नजरा शेजारी ठेवल्या की वनस्पतीचं पूर्ण चित्र उभं राहतं.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून हा विषय प्रयोगशाळेत गेला. १९५०च्या दशकात रक्तातली एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइम्स मोजता येऊ लागली आणि यकृताची इजा आकड्यात मांडता आली. मग एक ठरीव पद्धत बसली. उंदराला आधी काही दिवस वनस्पतीचा अर्क पाजायचा, नंतर कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटॅमॉलची मोठी मात्रा द्यायची, दुसऱ्या दिवशी रक्त काढून एन्झाइम्स मोजायची आणि यकृताचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. अर्क न मिळालेल्या प्राण्याच्या छेदात मधल्या शिरेभोवतीच्या पेशी विरून गेलेल्या दिसतात, अर्क मिळालेल्याच्या छेदात त्या शाबूत असतात. ही दोन चित्रं शेजारी छापलेले शोधनिबंध भारतात शेकड्यांनी निघाले. औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा तो आवडता विषय झाला.

या कामाबद्दल मला आदर आहे, आणि एक जुनी तक्रारही आहे. कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं सायटोक्रोम पी-४५० कुटुंबातलं एक एन्झाइम त्याचं तुकड्यात रूपांतर करतं आणि तो तुकडा पेशीचं आवरण जाळतो. एखाद्या अर्काने ते एन्झाइमच थोपवलं तर विष तयारच होणार नाही, पेशी शाबूत राहतील आणि निबंधात 'यकृतरक्षक' असा शिक्का बसेल. हिपॅटायटिसच्या विषाणूने किंवा दारूने दुखावलेल्या यकृताला त्याचा उपयोग होईलच असं नाही. उलट तेच एन्झाइम इतर औषधं पचवत असेल तर अडचण वाढते. शिवाय प्रयोगात औषध आधी आणि विष नंतर असतं. दवाखान्यात येणारा माणूस मात्र विष घेऊन, रोग घेऊनच येतो. त्यामुळे इजा झाल्यानंतर दिलेल्या अर्काने काय साधलं, पेशींमधली दाहाची साखळी कुठे तुटली, यकृतात तंतू निर्माण करणाऱ्या पेशी शांत झाल्या का, हे सांगणारं काम कितीतरी अधिक मोलाचं आहे. संपादकांनी निवड करताना हाच निकष लावला आहे, याचं मला समाधान आहे.

प्राण्यांवरून माणसापर्यंत पोचलेल्या वनस्पती थोड्या. त्यांतल्या तिघींची गोष्ट नीट समजली की सगळ्या क्षेत्राचा कल कळतो.

पहिली कुटकी. हिमालयात साधारण तीन हजार मीटरच्या वर उगवणारी, काळपट मुळांची. तिची चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवली तर कडूपणा घोटभर पाण्याने जात नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेने तिच्यातल्या पिक्रोसाइड आणि कुटकोसाइड या द्रव्यांपासून 'पिक्रोलिव्ह' तयार केलं. आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं काम मुंबईत झालं. डॉ. अंतरकर, डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली विषाणूजन्य कावीळ झालेल्या रोग्यांवर आरोग्यवर्धिनीची दुहेरी अंध चाचणी प्रसिद्ध केली. आयुर्वेदातल्या एका संयुक्त कल्पाला तो कल्प न मोडता आधुनिक चाचणीला उभं करण्याचा हा फार लवकरचा प्रयत्न. १९९६ मध्ये याच गटाने एकट्या कुटकीचा अभ्यास मांडला. पंधरा रोग्यांना तिच्या मुळाची ३७५ मिलिग्रॅम भुकटी दिवसातून तीनदा, दोन आठवडे. अठरा जणांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. बिलिरुबिन २.५ मिलिग्रॅमपर्यंत उतरायला कुटकीच्या गटात सरासरी सुमारे २७ दिवस लागले आणि दुसऱ्या गटात सुमारे ७६. फरक डोळ्यांत भरतो. पण इतक्या थोड्या रोग्यांत दोघा-तिघांची कावीळ लांबली तरी सरासरी कुठल्या कुठे जाते. ही चाचणी काही शे रोग्यांवर पुन्हा व्हायला हवी होती, आणि अजूनही व्हायला हवी. डॉ. वैद्य यांनी पुढे 'रिव्हर्स फार्माकॉलॉजी' म्हणून जो मार्ग मांडला, म्हणजे वैद्याच्या अनुभवापासून सुरू करून रोग्यापर्यंत आणि तिथून प्रयोगशाळेकडे मागे जायचं, त्याची बीजं मला या कामात दिसतात.

दुसरी भुईआवळा. पावसाळ्यात पायरीच्या फटीत, कुंडीत, बांधावर आपोआप येणारं वीतभर रोप. पानं आवळ्यासारखी, आणि फांदी उलटी केली की पानांच्या मुळाशी मोहरीएवढ्या हिरव्या फळांची रांग. हिपॅटायटिस बी विषाणूच्या शोधासाठी १९७६चं नोबेल मिळालेले बारुच ब्लुम्बर्ग या रोपाकडे वळले. त्यांच्या गटाने १९८७ मध्ये, त्याच विषाणूच्या नात्यातला विषाणू असलेल्या अमेरिकन वुडचक प्राण्यांवर, या वर्गातल्या अर्काचा परिणाम नोंदवला. १९८८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मद्रासच्या त्यागराजन आणि सहकाऱ्यांचा, ब्लुम्बर्ग यांच्यासह लिहिलेला निबंध आला. महिनाभर भुईआवळ्याची भुकटी घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, निष्क्रिय औषध घेतलेल्या २३ पैकी फक्त एकाच्या. जगभर खळबळ उडाली. पण १९९० मध्ये थायलंडमध्ये वाहकांवर तोच प्रयोग केला तेव्हा तसं काही झालं नाही, आणि नंतरच्या पुनरावलोकनांनीही निर्णायक पुरावा नाही असंच म्हटलं.

हा निकाल असा का फिरला, याच्या चर्चेला या ग्रंथात बरीच जागा दिली आहे आणि ती योग्यच आहे. एक प्रश्न ओळखीचा होता. भारतात बरीच वर्षं ज्याला फायलँथस निरुरी म्हटलं गेलं ते बहुतांशी फायलँथस अमारस होतं. खरं निरुरी अमेरिका खंडातलं. शिवाय लालसर देठाचं युरिनारिया, मदेरासपतेन्सिस अशी भावंडं एकाच बांधावर उगवतात आणि एकाच पोत्यात जातात. दक्षिण भारतातल्या दुकानांतले नमुने तपासले तेव्हा जवळजवळ पाव भाग नमुने अमारसचे निघालेच नाहीत. जमीन, तोडणीचा महिना, सुकवण्याची रीत या सगळ्यांनी द्रव्यांचं प्रमाण बदलतं. त्यामुळे दोन चाचण्यांत नाव एकच असलं तरी औषध तेच होतं, हे गृहीत धरता येत नाही.

तिसरी मिल्क थिसल. म्युनिकच्या हिल्डेबर्ट वॅग्नर यांच्या प्रयोगशाळेने १९६८ मध्ये तिच्या बियांतून सिलिमारिन वेगळं केलं, त्यामुळे तिचा अर्क मोजून-मापून देता आला. भारतातल्या वनस्पतींना ही सोय फार उशिरा मिळाली. डेथ कॅप या विषारी अळंबीने झालेल्या बाधेवर सिलिबिनिन शिरेतून देतात, कारण ते अळंबीच्या विषाला यकृताच्या पेशीत शिरण्याच्या वाटेवरच अडवतं. पण जुनाट आजारात चित्र धूसर होतं. १९८९च्या व्हिएन्नातल्या १७० रोग्यांच्या अभ्यासात सिरोसिसच्या रोग्यांचं आयुर्मान वाढलेलं दिसलं. १९९८ मध्ये स्पेनमध्ये दारूमुळे सिरोसिस झालेल्या २०० जणांत तो फायदा दिसला नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत हिपॅटायटिस सी असलेल्या १५४ जणांना नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत सिलिमारिन देऊनही यकृताच्या एन्झाइम्समध्ये फरक पडला नाही. इतका अभ्यास झालेली दुसरी यकृतरक्षक वनस्पती नाही, आणि तिचंही उत्तर रोगागणिक बदलतं.

आता इजेबद्दल. 'वनस्पती आहे, अपाय काय करणार' हे वाक्य या ग्रंथाच्या वाचकाने कायमचं सोडून द्यावं, अशी माझी कळकळ आहे. १९७५ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा भागात बाजरीच्या जातीच्या एका बारीक धान्यात क्रोटलारियाच्या, म्हणजे आपल्या खुळखुळ्याच्या वर्गातल्या रोपाच्या, बिया मिसळल्या. त्यातल्या अल्कलॉइडने यकृतातल्या बारीक शिरा बंद झाल्या. ६७ जण आजारी पडले, त्यांतले २८ दगावले. ती माणसं औषध घेत नव्हती, जेवत होती.

अलीकडचा प्रसंग गुळवेलीचा. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघर तिचा काढा उकळला गेला. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ही गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असावी. २०२२ मध्ये देशभरातल्या तेरा केंद्रांतून ४३ रोग्यांची नोंद आली. अनेकांच्या आजाराचं रूप स्वयंप्रतिकारक हिपॅटायटिससारखं होतं. मला यात दोन्ही बाजूंचं म्हणणं गंभीर वाटतं. वनस्पती ओळखण्यात चूक होते हे खरं. आणि प्रतिकारशक्ती आधीच बिघडलेल्या माणसाला तीच वनस्पती भडकवू शकते, हेही खरं. चरकाने सांगितलेली गुळवेल ठरावीक रोग्याला, ठरावीक काळ दिलेली होती. महिनोन् महिने रोज दोनदा, निरोगी माणसाला, ही आपल्या काळाची भर आहे.

हळदीचंही तेच. आपल्याकडे कावीळ झालेल्याला पिवळं नको म्हणून हळद बंद करतात, आणि त्याच हळदीतल्या कर्क्युमिनवर यकृतरक्षणाचे असंख्य प्रयोग झाले आहेत. भाजीतली चिमूटभर हळद निरुपद्रवी. पण मिऱ्यातल्या पिपरिनबरोबर, शोषण अनेक पटींनी वाढवून दिलेल्या कॅप्सूलमुळे इटली आणि अमेरिकेत यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेतल्या रोग्यांत एक विशिष्ट जनुकीय खूण वारंवार आढळली. ग्रीन टीच्या अर्काने इजा झालेल्यांतही तीच खूण आढळते. अर्क म्हणजे काढा नव्हे. पाण्यात उकळून येणारी द्रव्यं वेगळी, अल्कोहोलमध्ये उतरणारी वेगळी, आणि परंपरेचा दाखला द्यायचा तर ज्या रूपाची परंपरा आहे त्याच रूपाला तो लागू होतो.

मग आज या विषयाची गरज काय? हिपॅटायटिस बीची लस आहे, सीवर काही आठवड्यांत बरं करणाऱ्या गोळ्या आहेत. १९८१ साली कोल्हापुरात पसरली तशी पाण्यातून येणारी कावीळ थांबवायला वनस्पती नको, स्वच्छ पाणी हवं. गरज उरते ती दुसऱ्या टोकाला. यकृतात चरबी साचण्याचा आजार मधुमेह आणि पोटाच्या घेराबरोबर शहरात आणि आता गावातही वाढतो आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने तो असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. या आजारासाठी पहिलं खास औषध अमेरिकेत मान्य व्हायला २०२४ साल उजाडलं, आणि तेव्हा ते आपल्याकडच्या सामान्य माणसाच्या खिशाबाहेरचं होतं. वर्षानुवर्षं हळूहळू चालणारा हा रोग कुटकी आणि पुनर्नवेसारख्या द्रव्यांची खरी परीक्षा घेऊ शकतो, कारण तो काही आठवड्यांत आपोआप बरा होत नाही. कडू द्रव्यांचा मेद कमी करण्याशी आयुर्वेदाने लावलेला संबंध इथे तपासता येईल. फायब्रोस्कॅनने यकृताचा कडकपणा सुई न टोचता मोजता येतो, म्हणून शेकडो रोग्यांची वर्षभराची चाचणी जिल्हा रुग्णालयातही शक्य आहे.

एक काळजी कुटकीबद्दलची. तिचं औषध जमिनीखालच्या भागात असल्याने तोडणी म्हणजे बहुधा रोपच उपटणं. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या यादीत ती १९९७ पासून आहे. लागवडीचा विचार न करता तिच्या चाचण्यांची मागणी करणं अर्धवट ठरेल. म्हणून लागवडीची माहितीही या संग्रहात घेतली आहे.

या ग्रंथाने काय करायचं ठरवलं आहे ते थोडक्यात सांगतो. वैद्य, औषधनिर्माणशास्त्राचे अध्यापक, यकृततज्ज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी एकेका वनस्पतीवर एकत्र बसून लिहिलं आहे, म्हणून एकाच पानावर चरकाचा संदर्भ आणि एन्झाइमचं नाव शेजारी येतं. जिथे त्यांचं जमलं नाही तिथे मतभेद तसाच छापला आहे. वनस्पतीची ओळख, ती कशाशी गोंधळली जाते, वापराचं मूळ रूप, प्राण्यांवरचं काम, माणसांवरचं काम आणि नोंदवलेली इजा हे सगळं प्रत्येक ठिकाणी तपासलं आहे, पण साच्यात कोंबलेलं नाही. ज्या वनस्पतीबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे तिला एक-दोन पानंच मिळाली आहेत. हे घरच्या उपचारांचं पुस्तक नाही. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर आधी तपासणी. गरोदर स्त्रीला कावीळ झाली तर त्याच दिवशी रुग्णालय, कारण हिपॅटायटिस ई गर्भारपणात जीवघेणा ठरू शकतो.

आणि हे पुस्तक हाती घेणाऱ्या वैद्यांना आणि डॉक्टरांना एक विनंती. काढा, भुकटी किंवा कॅप्सूल घेत असलेल्या रोग्याला कावीळ झाली, तर उरलेलं औषध त्याला फेकू देऊ नका. त्यातलं मूठभर कोरड्या कागदी पिशवीत ठेवा, त्यावर नाव, कुठून घेतलं, किती दिवस, किती वेळा ते लिहा, आणि आयुषच्या औषधसुरक्षा केंद्राला किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला कळवा. रोगी वनस्पती घेतो का, हे डॉक्टरने न रागावता विचारलं, तर तो सांगतो.